मागचे पाय लुळे, तळपायाला मुंग्या: अंगातलं तांबं कमी पडतं तेव्हा



आजचा संदेश नेहमीपेक्षा लांब आहे. धारा आटोपल्या की निवांत बसून वाचा. ज्यांच्याकडे गाभण शेळ्या आहेत त्यांनी तर वाचाच. आणि घरात कुणी रोज झिंकची गोळी घेत असेल तर त्यांना मधला भाग वाचून दाखवा.

विषय तांब्याचा आहे. फवारणीच्या मोरचुदाचा नाही, अंगातल्या तांब्याचा. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून तांबं असतं जेमतेम १०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. पण तेवढं कमी पडलं की पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि हातापायांच्या नसा खराब होऊ लागतात. जनावरात होतं तसंच माणसातही होतं. दोन्हीकडे अडचण एकच: उशिरा लक्षात आलं तर गेलेलं बळ पूर्ण परत येत नाही. म्हणून हा विषय घेतला.

*आधी करडांचं*

आरेतल्या पाड्यांवर, गोराई-मनोरीकडे, मुलुंडच्या डोंगरकडेला आपले सभासद दोन-चार ते वीस-पंचवीस शेळ्या सांभाळून आहेत. त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. करडू जन्मताना ठणठणीत असतं, आचळाला लागतं, उड्या मारतं. महिना-दोन महिन्यांचं झालं की चालताना मागचा भाग डुलायला लागतो. पळवलं तर मागचे पाय एकमेकांत अडकून ते बसकण मारतं. ताप नाही, डोळे टवटवीत, दूध मागतंय, चारा ओढतंय. पण दिवसागणिक कंबर जास्त लुळी पडते आणि शेवटी ते पुढच्या पायांवर स्वतःला ओढत फिरतं. काही करडं जन्मतःच अशी निघतात, उभीच राहत नाहीत. शेळ्यांत उशिरा दिसणारा प्रकार जास्त, मेंढ्यांत जन्मतः दिसणाराही बराच.

बहुतेक जण म्हणतात, ‘कुणीतरी पाय दिला असेल’ नाहीतर ‘थंडी लागली’. तेल लावून शेकत बसतात. पण तीच गोष्ट एकाच कळपातल्या दोन-तीन करडांत दिसली तर मार लागल्याचं कारण टिकत नाही. तेव्हा आईच्या अंगातलं तांबं आठवायला हवं. करडाच्या मज्जारज्जूची जडणघडण पोटात असतानाच, गाभणकाळाच्या मधल्या आणि शेवटच्या टप्प्यात होते. त्या वेळी शेळीकडे तांबं नसेल तर करडाच्या नसा कच्च्या राहतात. शिवाय दुधात तांबं फारच थोडं असतं. करडू जन्माला येताना यकृतात जी शिदोरी घेऊन येतं त्यावरच त्याचे पहिले महिने निघायचे असतात. शिदोरीच अपुरी असेल तर दूध कितीही पाजा, ती भरून निघत नाही.

हे कारण सापडलं ऑस्ट्रेलियात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनारी, रेताड पट्ट्यात कोकरं अशीच लुळी पडून मरत होती. १९३७ साली हेरॉल्ड बेनेट्स या पशुवैद्याने दाखवलं की हा रोगजंतूंचा आजार नाही. तिथल्या जमिनीत आणि म्हणून चाऱ्यात तांबं कमी आहे, आणि गाभण मेंढ्यांना थोडं तांबं दिलं की कोकरं धडधाकट जन्मतात. तिथल्या मेंढपाळांना आणखी एक गोष्ट माहीत होती: तांबं कमी पडलेल्या मेंढीची लोकर कुरळेपणा सोडून तारेसारखी ताठ होते.

ही लोकरीची गोष्ट पुढे माणसाच्या पोरांच्या कामी आली. काही तान्ह्या मुलांचे केस तारेसारखे, ठिसूळ येत, त्यांना झटके येत आणि ती लहानपणीच दगावत. कारण कळत नव्हतं. १९७२ मध्ये मेलबर्नच्या डॉ. डेव्हिड डँक्स यांना ते केस बघून तांबं कमी पडलेल्या मेंढीची लोकर आठवली. त्यांनी तपासलं, आणि खरंच त्या मुलांचं शरीर तांबं नीट शोषू शकत नव्हतं. तो आजार जन्मजात आणि अगदी दुर्मीळ, आपल्याला त्याच्या खोलात जायचं नाही. पण गोठ्यातली नजर दवाखान्यात उपयोगी पडते याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

*तांब्याचं नसांशी काय नातं?*

विजेच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं, तसं नसेवर चरबीचं वेष्टण असतं. ते शाबूत असेल तर मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट आणि झटकन जातो. हे वेष्टण तयार करायला आणि टिकवायला, आणि नसेच्या पेशीला लागणारी ऊर्जा तयार करायला, शरीरातली जी यंत्रं चालतात त्यांतल्या काहींना तांबं लागतंच. दुसरा धातू चालत नाही. तांबं संपलं की सगळ्यात लांबच्या तारा आधी खराब होतात. म्हणून त्रास पायापासून सुरू होतो, करडात मागच्या पायापासून आणि माणसात तळपायापासून.

तांबं रक्तालाही लागतं. लोह अंगात फिरवायचं काम तांब्यावर चालणाऱ्या एका प्रथिनाकडे असतं. त्यामुळे तांबं कमी झालं की रक्तही कमी होतं, पांढऱ्या पेशीही घटतात. मग लोहाच्या गोळ्या घेऊन घेऊन हिमोग्लोबिन चढत नाही. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*आपल्या जमिनीत तांबं कमी आहे का?*

सहसा नाही. अंधेरीची गिल्बर्ट हिल सगळ्यांनी पाहिली आहे. तो काळा कातळ बेसाल्टचा, आणि महाराष्ट्राचा मोठा भाग अशाच ज्वालामुखीच्या खडकावर बसलाय. ग्रॅनाइटच्या मानाने बेसाल्टमध्ये तांबं बरंच जास्त असतं. देशभरातल्या माती तपासण्यांत जस्त कमी असलेले नमुने शंभरात पस्तीसच्या वर निघाले, तांबं कमी असलेले शंभरात चारच्या आसपास. म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातलं कारण आपल्याकडे तसंच्या तसं लागू होत नाही.

मग तांबं कमी पडतं कसं? ते येतं, पण अंगी लागत नाही. वाटेत कुणीतरी अडवतं. माझ्या मते या संपूर्ण विषयातली हीच गोष्ट नीट समजून घ्यायची आहे, कारण उपाय त्यावर ठरतो.

जनावरात अडवणारे तिघे: मॉलिब्डेनम, गंधक आणि लोह. मॉलिब्डेनम आणि गंधक रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकत्र आले की त्यांचं असं संयुग बनतं जे तांब्याला घट्ट धरून ठेवतं. तांबं पोटात असतं, पण अंगात जात नाही. चाऱ्यात मॉलिब्डेनमच्या निदान सहापट तांबं असेल तर बरं. ते प्रमाण दुपटीच्याही खाली गेलं की धोका. पाणी साचून राहणाऱ्या जमिनीतल्या चाऱ्यात मॉलिब्डेनम जास्त उतरतं. सांडपाण्याच्या गाळातूनही ते येऊ शकतं. गंधक खाऱ्या बोअरच्या पाण्यातून आणि जास्त मळीतून येतं. लोह येतं मातीतून: चिखलाने माखलेला चारा, गंजलेल्या टाकीतलं पाणी.

आता आपल्याकडचा पॅरा गवताचा विचार करा. आरेत हे गवत गोठे धुतलेल्या पाण्यावर वाढतं, कायम ओलीत. गवत हिरवंगार, म्हशीला आवडतं, खर्च कमी. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण जनावर बारा महिने फक्त त्याच्यावर असेल, आणि त्यात रंग उडणं, माजावर न येणं असं काही दिसत असेल, तर चाऱ्याचा नमुना एकदा तांबं, मॉलिब्डेनम, लोह आणि गंधक या चारांसाठी तपासून घ्या. फक्त तांबं तपासून उपयोग नाही. आकडा चांगला येईल आणि जनावर तसंच राहील.

म्हशींचं वेगळं सांगतो. मोठी म्हैस तांबं कमी झाल्याने कंबरेतून लुळी पडत नाही. तिच्यात दिसतं ते असं: काळा रंग उडून तांबूस-भुरकट होणं, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पांढुरकी कडा, कातडीवर पांढरे डाग, अधूनमधून पातळ शेण, माज लांबणं. तांबं कमी असताना काळं तांबूस दिसतं, हा शब्दांचा खेळ लक्षात राहायला सोपा आहे. कातडीचा आणि केसांचा काळा रंग तयार करायलाही तांबं लागतं, म्हणून असं होतं.

*माणसात अडवणारा: जस्त*

माणसात मॉलिब्डेनमचा त्रास सहसा नसतो. माणसात तांब्याची वाट अडवणारं नंबर एकचं कारण म्हणजे पोटाची मोठी शस्त्रक्रिया, ज्यात जठर लहान करतात किंवा आतड्याचा पहिला भाग वगळतात. तांबं तिथेच शोषलं जातं. वजन कमी करायची शस्त्रक्रिया झालेली माणसं आता मुंबईत दर चार इमारतींत एखादं सापडतं. त्यांना डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभर चालू ठेवायच्या असतात, आणि नेमक्या दोन-तीन वर्षांनी त्या सुटतात. त्रास मात्र कित्येकदा त्यानंतर, शस्त्रक्रियेला अनेक वर्षं झाल्यावर सुरू होतो, आणि तोवर कुणाला शस्त्रक्रिया आठवतही नाही.

दुसरं कारण जस्त, म्हणजे झिंक. हे आपल्या घराघरात आहे.

करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, झिंकच्या गोळ्या किती खपल्या ते सगळ्यांना आठवत असेल. ‘प्रतिकारशक्ती’ म्हणून पाच-सात दिवसांसाठी सांगितलेली ५० मिलिग्रॅमची गोळी काही घरांत अजून चालू आहे. औषधाच्या दुकानात चिठ्ठी न विचारता मिळते, महागही नाही, आणि ‘ताकदीची गोळी, तिने काय होतंय’ अशी समजूत. केस गळतात म्हणून कुणी घेतं, कुणी आणखी कशासाठी. त्यात मल्टिव्हिटॅमिनमधलं झिंक वेगळं.

आतड्यात होतं ते असं. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी म्हणजे वखारीच्या दारावरचे हमाल समजा. जस्त जास्त आलं की हे हमाल धातू धरून ठेवायच्या गोण्या भराभर बनवतात. गंमत अशी की या गोण्या बनतात जस्तामुळे, पण जस्तापेक्षा तांब्याला जास्त घट्ट धरतात. जेवणातलं तांबं त्यांत अडकतं, आत रक्तात जातच नाही. काही दिवसांनी अस्तराच्या पेशी गळून पडतात, नेहमीच पडतात, आणि गोणीसकट तांबं शौचावाटे बाहेर. रोज गोळी, रोज हेच. माणूस तिळाचे लाडू खात असला तरी त्यातलं तांबं त्याच्या वाट्याला पुरेसं येत नाही.

रोज ५० मिलिग्रॅम जस्त काही आठवडे घेतलं तरी तांब्यावर चालणारं रक्तातलं एक विकर कमी होतं, असं अभ्यासांत दिसलं. त्याच आधारावर २००१ मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसासाठी जस्ताची वरची मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम ठरवली, अन्न आणि गोळ्या मिळून. काही आठवड्यांत कुणी लुळं पडत नाही हेही तितकंच खरं. नसांचा त्रास महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं जास्त जस्त घेणाऱ्यांत दिसतो. आणि जस्त फक्त गोळीतूनच येतं असं नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असे चार रुग्ण नोंदवले ज्यांची कवळी सैल होती, ती चिकटवायची जस्तयुक्त पेस्ट ते वर्षानुवर्षं भरमसाट वापरत होते, आणि पाय लुळे पडत चालले होते. २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीने तशी पेस्ट बनवणंच बंद केलं. घरात आजी-आजोबांची कवळी असेल तर ट्यूबवर झिंक लिहिलंय का ते बघायला हरकत नाही.

दोन जणांनी मात्र झिंक बंद करायचं नाही. एक, जुलाब झालेली लहान मुलं. त्यांना डॉक्टर किंवा आशाताई १४ दिवस झिंक देतात, ते पूर्ण द्या. त्याने जुलाब लवकर थांबतात आणि १४ दिवसांत तांब्याचं काही बिघडत नाही. दोन, विल्सन नावाच्या आजाराचे रुग्ण. त्यांच्या अंगात तांबं साठत जातं, म्हणून तांबं अडवायलाच त्यांना झिंक देतात. तेच झिंक, तीच गोणी, पण तिथे तो उपचार आहे.

यशद भस्म घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा की यशद म्हणजे जस्तच. वैद्यांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मुदतीसाठी घेत असाल तर त्यांनाच विचारा. पण डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘मी काही औषध घेत नाही’ असं सांगू नका, भस्माचंही नाव घ्या.

*माणसाला काय जाणवतं*

सुरुवात तळपायाला मुंग्या येण्यापासून होते. दोन्ही पायांना सारख्याच. मग पाय जड, बधिर वाटतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, मागून कुणीतरी हाक मारून सांगतं. अंधारात गोठ्यात जाताना भिंतीचा आधार लागतो. मोरीत तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. ही शेवटची खूण फार बोलकी आहे. पाय कुठे टेकलाय हे सांगणारी मज्जारज्जूतली तार खराब झालेली असते, त्यामुळे माणूस डोळ्यांनी बघून चालत असतो. डोळे मिटले की तो आधारही जातो. पुढे पाय ताठ होतात, चाल अडखळती होते, जिने उतरताना भीती वाटते.

पन्नाशी-साठीच्या माणसाने हे सांगितलं की घरचे म्हणतात वय झालं, मणक्यात गॅप असेल. मग मसाज, पट्टा, तेलं. यात सहा महिने जातात आणि नेमके तेच महिने महत्त्वाचे असतात.

डॉक्टर सगळ्यात आधी ब-१२ जीवनसत्त्व तपासतील, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी लोकांत, ब-१२ कमी असणं फार सर्रास आहे आणि त्याने हुबेहूब असाच त्रास होतो. इतका हुबेहूब, की २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. नीरज कुमार आणि सहकाऱ्यांनी तांब्याच्या कमतरतेचे रुग्ण मांडताना हेच दाखवलं: चित्र ब-१२ चं, कारण तांबं. दोन्ही एकाच वेळी कमी असू शकतात, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तर हमखास. म्हणून ब-१२ ची इंजेक्शनं घेऊनही चाल बिघडतच चालली असेल, किंवा ब-१२ चांगलं आहे तरी मुंग्या आहेत, किंवा मुंग्यांच्या जोडीला रक्त कमी आहे, पांढऱ्या पेशी कमी आहेत आणि लोहाने फरक पडत नाही, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा: ‘तांबं तपासू या का?’ तपासणीचं नाव सीरम कॉपर, सोबत सेरुलोप्लाझमिन आणि झिंक. प्रत्येक लॅब हे करत नाही, आधी फोन करून विचारा. रोज घेता त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. पाकिटावर ‘झिंक सल्फेट’ अमुक मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, त्यात शुद्ध जस्त किती हे वेगळं असतं, ते डॉक्टर किंवा औषधवाले बघून सांगतील.

आपल्या भागात कूपर, राजावाडी, कांदिवलीचं शताब्दी इथे मेडिसिनच्या ओपीडीत आधी दाखवता येतं. मेंदू आणि नसांचे तज्ज्ञ केईएम, नायर आणि सायन रुग्णालयांत आहेत. मधुमेहानेही पायाला मुंग्या येतात आणि तो तर घरोघरी आहे, त्यामुळे साखरही तपासली जाईलच. मुंग्या आल्या म्हणजे तांबंच असं कुणी समजू नये. शंभर जणांना मुंग्या असतील तर तांब्याचे थोडेच निघतील. पण जे निघतील त्यांचं नुकसान थांबवता येण्यासारखं असतं, म्हणून ते चुकवायचं नाही.

उपचार साधा आहे. जस्त बंद, आणि डॉक्टर ठरवतील त्या मात्रेत तांबं, गोळीने किंवा सलाईनमधून. रक्त काही आठवड्यांतच सुधारतं. नसांचं तसं नाही. बहुतेकांचा त्रास वाढायचा थांबतो, काहींना बराच फरक पडतो, पण जो बधिरपणा जुना झालाय तो पूर्ण जाईलच असं नाही. तीन महिन्यांच्या मुंग्या आणि तीन वर्षांच्या मुंग्या यांत हाच फरक.

*म्हणून आता तांबं खात सुटायचं का?*

नाही. आणि हे आपल्या महाराष्ट्रानेच जगाला दाखवलेलं आहे.

एके काळी आपल्याकडे लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार होता. सहा महिने ते तीन-चार वर्षांची मुलं, पोट फुगायचं, यकृत दगडासारखं व्हायचं, आणि बहुतेक मुलं जायची. पुण्यातल्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत १९८० च्या दशकात याचा शोध घेतला. आजारी मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं होतं. घरोघरी चौकशी केली तेव्हा दिसलं की या मुलांना लवकरच वरचं दूध सुरू झालं होतं आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलं किंवा ठेवलं जात होतं. दूध तांब्याला धरून ठेवतं आणि तान्ह्या बाळाच्या यकृताला ते बाहेर टाकता येत नाही. घरातली भांडी स्टीलची झाली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. पितळेच्या भांड्याला कल्हई का लावायची हे आपल्या आज्यांना अनुभवाने ठाऊक होतं, आकडे पुढे मिळाले.

तेव्हा तांब्याच्या तांब्यातलं रात्रभरचं साधं पाणी मोठ्या माणसाने प्यायलं तर घाबरायचं कारण नाही. पण दूध, ताक, लिंबूपाणी, कोकम असलं काही तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नका, आणि तान्ह्या बाळासाठी तर अजिबात नाही. नसांचा त्रास झालेल्या माणसाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी हा उपचार पुरत नाही, आणि त्याच्या भरवशावर तपासणी लांबवणं हेच खरं नुकसान. ताम्र भस्म मनाने घेऊ नका. धडधाकट माणसाला दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम तांबं लागतं. डाळी, कडधान्यं, तीळ, शेंगदाणे, कारळ्याची चटणी, कलेजी, कालवं आणि खेकडे यांतून ते सहज मिळतं. गोराई-मनोरीच्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

जनावरात तर हा धोका आणखी जवळचा आहे. मोरचूद म्हणजे तांबंच की, मग चिमूटभर पाण्यात टाकलं तर काय झालं, असा विचार कुणाच्याही मनात येऊ शकतो. करू नका. मेंढीला गरजेपेक्षा थोडंच जास्त तांबं रोज मिळालं तरी ते यकृतात साठत राहतं, महिनाभर काही दिसत नाही, आणि एके दिवशी अचानक लघवी लाल-काळी होऊन, डोळे पिवळे होऊन मेंढी दोन दिवसांत मरते. शेळी थोडं जास्त सहन करते, तिची करडं नाही. ज्यांच्याकडे दोन्ही एकत्र आहेत त्यांनी गाई-म्हशींचं खनिज मिश्रण किंवा कोंबड्यांचं खाद्य मेंढ्यांपुढे येऊ देऊ नये. फवारणीचं मोरचूद आणि बोर्डोची रिकामी बादली गोठ्यापासून लांब ठेवा. खुरं धुवायचं झिंक सल्फेटचं पाणीही काम झालं की लगेच ओतून टाका, जनावर तहानलेलं असलं की तेही पितं.

*गाभण शेळ्यांसाठी काय करायचं*

शेळी पाच महिने गाभण असते. तिसऱ्या महिन्यापासून तिला शेळ्यांसाठीचं खनिज मिश्रण रोज द्या, पाकिटावरच्या मात्रेत, खुराकात मिसळून. पॅकेटवर तांबं लिहिलेलं आहे ना ते बघून घ्या, नुसत्या मिठाच्या विटेवर भागत नाही. चारा एकसुरी नको. झाडपाला, कडधान्याचं भूस, जे मिळेल ते आलटून-पालटून द्या. मागच्या वेताला करडं लुळी झाली असतील तर पशुवैद्यकांना आधीच सांगा, ते शेळीचं रक्त तपासून इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरवतील. इंजेक्शन त्यांनीच द्यायचं, त्याची मात्रा थोडी चुकली तरी जनावर जातं.

करडू लुळं पडलंच तर दोन शक्यता आधी बाजूला काढाव्या लागतात. एक कुमरी. डासांमार्फत येणारी एक बारीक अळी मज्जारज्जूत शिरते आणि कंबर जाते. आपल्याकडे डासांना तोटा नाही, त्यामुळे पावसाळ्यानंतर हा संशय मोठ्या शेळीतही धरावा. दुसरी शक्यता पिसाळण्याची, आणि ही जिवावरची. पिसाळलेलं जनावर दर वेळी अंगावर येतंच असं नाही, कित्येकदा ते गप्प बसून मागून लुळं पडत जातं, लाळ गाळतं, आवाज बदलतो. कुत्रा चावल्याचं माहीत असो वा नसो, लुळ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालून औषध पाजू नका. लाळ अंगावरच्या जखमेला किंवा तोंडा-डोळ्याला लागली असेल तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा (डोळा नुसत्या पाण्याने) आणि त्याच दिवशी जवळच्या पालिका रुग्णालयात लस घ्या.

तांब्याचंच निघालं आणि करडू अजून उभं राहत असेल तर उपचाराने ते सावरू शकतं. पार आडवं झालेलं सहसा उठत नाही. पण त्याच्यामुळे बाकीच्या शेळ्यांची करडं वाचतात, म्हणून मेलेलं करडू पुरण्याआधी पशुवैद्यकांना फोन करा. यकृताचा तुकडा आणि मज्जारज्जू तपासला की नेमकं कळतं. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि त्याचा एक परिसर आपल्या जवळ, गोरेगावला आरेत आहे.

ज्यांच्या कळपात या वेताला असं करडू झालंय त्यांनी त्याचा चालतानाचा, मागून काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कंपनीच्या नंबरवर पाठवा. सोबत एवढं लिहा: करडाचं वय, आईचं कितवं वेत, गाभण असताना चारा कोणता होता, पाणी नळाचं की बोअरचं, खनिज मिश्रण दिलं होतं का. माणसांचे रिपोर्ट मात्र ग्रुपवर टाकू नका, ते डॉक्टरांनाच दाखवा.